पॅनलवर चौदा, मोटरवर साडेनऊ

माझ्या बायकोचं, गोदाचं तेरावं झालं आणि माझ्या दाराची बेल थांबली. तोवर माणसं येत होती, डबे आणत होती, "काका, काही लागलं तर हक्कानं सांगा" म्हणून जात होती. हक्कानं सांगा म्हणणाऱ्या माणसाला नंतर कधी गाठून दाखवावं. मी तक्रार करत नाही, ज्याला त्याला आपापला संसार असतो. मुलगी स्नेहा बंगळूरला. रविवारी फोन करते, जेवलात का विचारते, मी जेवलो म्हणतो. बाकी आठवडाभर माझं तोंड चहा प्यायला आणि टीव्हीला शिव्या द्यायला तेवढं उघडतं.

म्हणून सोसायटीचा पंप बिघडला आणि बेल पुन्हा वाजली तेव्हा मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. वरच्या मजल्यावरच्या बायका बादल्या घेऊन लिफ्टपाशी उभ्या, आणि इकडे मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून तयार. दारात सेक्रेटरी सत्यजीत होता. कॉम्प्युटरवाला माणूस, घरूनच काम करतो, स्वभावानं गरीब.

"काका, तुम्ही तळोज्याला इलेक्ट्रिकलमध्ये होतात ना? जरा बघता का?"

जरा! जन्म गेला माझा त्यात. कंपनीत लागलो तेव्हा मिशी नीट फुटली नव्हती, सुटलो तेव्हा ती पांढरी झाली होती. बहुतेक सगळा काळ कॉम्प्रेसर हाउसमध्ये. डॉक्टर जशी आधी नाडी बघतो तसा मी मोटर म्हटली की आधी तिचा करंट मोजतो. किती अँपिअर खातेय ते कळलं की निम्मं दुखणं कळलं. जास्त खात असेल तर कुठंतरी अडतंय, फारच कमी खात असेल तर पंपात पाणीच येत नाहीये. त्यासाठी माझा जुना चिमटा मी अजून तेलपाणी करून ठेवला आहे. चिमटा म्हणजे क्लॅम्प मीटर. त्याचा जबडा तारेभोवती मिटायचा आणि आकडा वाचायचा, तार सोडवायचीसुद्धा गरज नाही.

आमची सोसायटी करंजाड्याला, गाढी नदीपासून हाकेच्या अंतरावर. जमिनीखाली पाण्याची टाकी, टाकीशेजारी पंप आणि त्याची मोटर. हे सगळं नेमकं माझ्या बेडरूमच्या खिडकीखाली. मोटर साधी चालू-बंद होत नाही. कुणी नळ उघडला की ती हळूच वेग घेते, नळ मिटले की मंदावते. हा वेग कमी-जास्त करणारा जो डबा असतो त्याला ड्राइव्ह म्हणतात, आणि तो पॅनलमध्ये बसवलेला असतो. पूर्वी पॅनलही मोटरीजवळच होतं. गेल्या पावसाळ्यात नदी कंपाउंडात शिरली आणि पॅनल बुडता बुडता वाचलं, तेव्हा कमिटीनं दिवाळीच्या सुमाराला ते उचलून पार गेटजवळच्या मीटररूममध्ये, उंचावर नेऊन बसवलं. मोटर राहिली इथंच. मध्ये भिंतीच्या कडेनं लांबलचक केबल टाकली. आणि तेव्हापासून ड्राइव्ह रोज सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, करंट जास्त झाला म्हणून मोटर बंद करून टाकायला लागला.

मी मीटररूममध्ये गेलो, ड्राइव्हमधून मोटरीकडे निघणाऱ्या तारेला चिमटा लावला. पॅनलच्या पडद्यावर चौदा अँपिअर. माझ्या चिमट्यावर अकरा, सतरा, तेरा, परत अकरा. एका आकड्यावर ठरेल तर शपथ. साडेसात हॉर्सपॉवरची मोटर, तिनं अकराच्या आत खायला हवं.

"आकडा नाचतोय म्हणजे बेअरिंग पकडतंय," मी निकाल देऊन टाकला.

मोटर उचलली, पनवेलला रिवाइंडिंगच्या दुकानात नेली. बेअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. तरी मी ते बदलायला लावलं, कारण एवढी वरात काढल्यावर हात हलवत परत कसं यायचं? मोटर परत बसवली आणि दुसऱ्याच सकाळी पॅनल पुन्हा बंद. हात दाखवून अवलक्षण ते असं.

मग मी पंपावरच्या धर्मराजवर घसरलो. धर्मराज गव्हाणचा. सकाळी पंप सुरू करणं, टाकीची पातळी बघणं, टँकर आला तर पाइप लावणं हे त्याचं काम.

"टाकी रिकामी असताना पंप चालवलास, खरं सांग."

"नाय वो काका. मी कशाला चालवीन? टाकी बगूनच लावतो मी."

"मग करंट का खातोय?"

"त्ये तुमी बगायचा. मला काय म्हायीत हाय?"

बरोबर होतं त्याचं. पण बरोबर माणसाचाच जास्त राग येतो. मी तावातावानं घरी आलो आणि खिडकी धाडकन लावून घेतली. खिडकीखाली मोटर चालू होती की बंद होती ते कळत नव्हतं, इतकी ती शांत चालायची. ती तशी शांत चालावी म्हणून मी जे केलं ते आता सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच समजणार नाही.

गोदा करंजा बंदराची. बाप, भाऊ सगळे समुद्रावर जाणारे. बोटींच्या इंजिनांत, मासळीच्या लिलावाच्या आरडाओरडीत वाढलेली बाई. तिला आवाजाचा त्रास होतो असं मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. उलट घर शांत असलं की ती म्हणायची, "कोन मेला का?" मग तिला झटका आला. डावी बाजू गेली. वाचा वाचली, ती देवाची कृपा. आम्ही तिची खाट बेडरूमच्या खिडकीशी लावली, म्हणजे वारा लागेल आणि कंपाउंडातली माणसं दिसतील. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिनं सुरू केलं.

"अवो, यो आवाज बंद करा ना."

"कसला आवाज?"

"यो काय. कानांत सुया घालतंय कोनतरी."

मी कान देऊन ऐकलं. काही नाही. खाली गेलो, मोटरीच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याचं दुसरं टोक कानाला लावलं. आम्ही लोक असंच ऐकतो, डॉक्टरच्या नळीसारखं. बेअरिंगची घरघर सोडून काही नव्हतं. ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटरी शीळ घालतात हे मला ठाऊक होतं, पण ही घालत नव्हती. घातली असती तर मला ऐकू नसती आली? डॉक्टरला विचारलं. ते म्हणाले, झटक्यानंतर असं होतं कधी कधी, डोक्यातलाच आवाज बाहेरून येतोय असं वाटतं. म्हणजे भास.

पण गोदा रडायची हो. जी बाई नवऱ्यापुढं कधी रडली नाही, ती मोटर चालू झाली की उजवा हात कानावर दाबून धरायची. दुसऱ्या कानावर ठेवायला तिच्याकडे हात नव्हता. खाट हॉलमध्ये नेतो म्हटलं तर नको म्हणाली, खिडकी सुटली असती आणि बाथरूम लांब पडलं असतं. शेवटी मी सोसायटीच्या सभेत उभा राहिलो. तेव्हाची कमिटी वेगळी होती. दोघेजण येऊन खिडकीशी उभे राहून गेले होते. एक म्हणाला, हो, येतोय थोडासा. दुसऱ्यानं ओठ पुढे काढले. पहिला माझं मन राखतोय असं मला वाटलं. सभेत कुणीतरी विचारलं, "तुम्हाला स्वतःला येतो का आवाज?" मी म्हणालो, "येतो. मलाही झोप लागत नाही." सरळ खोटं बोललो. चारचौघांत, छातीवर हात ठेवून. आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. बायकोसाठी माणूस याहून मोठं खोटं बोलतो.

मग ड्राइव्ह कंपनीचा माणूस आला. ड्राइव्ह मोटरीला वीज अखंड देत नाही, बारीक तुकडे करून देतो, सेकंदाला काही हजार तुकडे. त्या तुकड्यांच्या चालीवर मोटरीचं लोखंड शीळ घालतं. तुकडे आणखी बारीक केले की शीळ इतकी उंच जाते की कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या माणसानं सेटिंग चार हजारावरून बारा हजारावर नेलं. मी घरात येऊन गोदाजवळ बसलो. तिनं कानावरचा हात हळूच काढला.

"गेला," ती म्हणाली. "कसा घालवलास?"

आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, तिनं मला अरेतुरे केलं ते त्या एकदाच. मग ती झोपली. मी मनात म्हटलं, भास तर भास, पण गेला ना. सुंठीवाचून खोकला गेला. त्या वेळी कमिटीनं मला शब्द दिला की हे सेटिंग मला विचारल्याशिवाय कुणी बदलणार नाही. मीही गोदाला शब्द दिला की तो आवाज परत येणार नाही.

आयुष्यात मी गोदासाठी काय केलं असं कुणी विचारलं तर माझ्याकडे सांगायला एवढंच आहे. दागिना केला नाही, कुठं फिरवून आणलं नाही, पाळ्यांच्या नोकरीत सणावारीसुद्धा घरी नसायचो. ती शांतता मात्र मी मिळवून दिली. आता गोदा नाही, आणि त्या शांततेत मी एकटा बसतो. ती मला खायला उठते. पण ती तिची आहे.

तर, माझी विद्या संपली तेव्हा सत्यजीतनं ड्राइव्ह कंपनीला फोन केला आणि रिया नावाची सर्व्हिस इंजिनिअर आली. पाठीवर सॅक, पायात सेफ्टी बूट, केस करकचून बांधलेले. मी मनाशी म्हटलं, आता ही मला शिकवणार. पण तिनं आल्याबरोबर विचारलं, "काका, तुम्ही काय काय बघितलंत ते आधी सांगाल का?" आणि सगळं नीट ऐकून घेतलं. बेअरिंगचंसुद्धा. हसली नाही. मला ती तिथंच आवडली.

तिनं माझा चिमटा हातात घेऊन पाहिला.

"चांगला आहे. साध्या लाइनवर अजून बरोबर दाखवत असेल. पण ड्राइव्हच्या पुढं हा गोंधळतो. तिथं करंटवर बारीक काटे असतात, त्या तुकड्यांचे. याला ते मोजायचे की सोडायचे ते कळत नाही, म्हणून आकडा नाचतो."

मग तिनं आपला मीटर काढला. त्याला एक बटण होतं. ते दाबलं की मीटर ते बारीक काटे गाळून टाकतो आणि मोटर फिरवायला जेवढा लागतो तेवढाच करंट दाखवतो. तिनं पॅनलमधून निघणाऱ्या तारेला मीटर लावला, तोही पॅनलपासून जरा दूर धरून, दुसऱ्या तारा जबड्याला टेकणार नाहीत असं बघून. बटण न दाबता, चौदा. बटण दाबून, साडेनऊ. तिनं दोन-तीनदा करून पाहिलं. तेच.

"आता मोटरीच्या टोकाला बघायला हवं," ती म्हणाली. "मी इथं पॅनलवर लक्ष ठेवते. तुम्ही मीटर घेऊन जाता का? मोटरीचं झाकण उघडायचं तर मी आधी ड्राइव्ह बंद करते. आत साठलेली वीज उतरली की सांगते, मग उघडा, मग चालू करू."

मी गेलो. तिनं सांगितल्यावर मोटरीच्या डब्याचं झाकण धर्मराजनं उघडलं. मी एकच तार बाजूला काढून मीटरचा जबडा मिटला आणि हात मागे घेतला. मग फोनवर म्हटलं, "सोड." मोटर सुरू झाली. फोन कानालाच होता.

"काका, इथं चौदा दोन."

"इथं नऊ सहा."

"बटण दाबलंय का?"

"नाही. थांब, दाबतो. नऊ पाच."

"परत बटणाशिवाय?"

"नऊ सहा. इथं फारसा फरकच नाही."

"आता दुसरी तार बघा. मी थांबते."

तिसरीही पाहिली. ती तिकडून वाचायची, मी इकडून वाचायचो. मध्ये सत्यजीतचा आवाज यायचा, तिचा यायचा, परत माझा. पुढच्या वेगाला पाहू म्हणाली, पाहिलं. त्याच्या पुढच्या वेगालाही. काम खरं तर पहिल्या तारेलाच संपलं होतं हे मला कळत होतं, पण गोदा गेल्यापासून एवढा वेळ माझ्याशी कुणी फोनवर बोललं नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "पहिली तार परत एकदा बघू का?" ती म्हणाली, "बघा ना."

पॅनलमधून चौदा निघत होते आणि मोटरीला साडेनऊ पोचत होते. मधले साडेचार कुठं गेले? एवढी वर्षं मोटरींत घालवलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. मधली लांब केबल ते पीत होती. प्रत्येक तुकड्यामागे थोडी वीज केबलच भरून घेते आणि जमिनीकडे सोडून देते. भोकं पडलेल्या पाइपासारखं. तुकडे जितके जास्त, तितकी गळती जास्त. पॅनल जवळ होतं तोवर हे जाणवलं नाही. लांब गेलं आणि ड्राइव्हला वाटायला लागलं की मोटरच एवढा करंट खातेय, म्हणून तो तिला बंद करायला लागला. मोटर निर्दोष, बेअरिंग निर्दोष, धर्मराज निर्दोष. आणि उपाय एकच सरळ होता. तुकडे कमी करायचे. बारा हजारावरून खाली यायचं.

मी मीटर हातात घेऊन तिथंच बसून राहिलो. धर्मराजनं झाकण लावलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

"काका, बरा वाटत नाय का?"

"तुझं काही चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "मी उगाच बोललो तुला."

"त्ये जाऊ द्या वो."

रिया आणि सत्यजीत चालत आले. तिनं सांगायला सुरुवात केली, मी हात वर केला.

"कळलं मला. चारवर आणायचं."

"चार किंवा त्याच्या आसपास. सहावर करून बघता येईल, पण एवढ्या केबलवर मला भरवसा नाही वाटत. दुसरा मार्ग म्हणजे मध्ये फिल्टर बसवायचा. तो मागवावा लागेल, यायला वेळ लागतो. तोवर असंच."

सत्यजीत माझ्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. "काका, काकूंसाठी ते सेटिंग केलं होतं, मला माहीत आहे. सोसायटीनं शब्द दिलाय. तुम्ही नको म्हणालात तर आपण फिल्टरच मागवू. तेवढे दिवस टँकर आणू. मी लोकांना सांगतो काय सांगायचं ते."

एवढा भला माणूस समोर असला की भांडताही येत नाही. तो आडवा गेला असता तर मी त्याला उभा कापला असता, आणि सेटिंगला हात लावू दिला नसता. मी म्हणालो, "थांबा, येतो."

घरात आलो. खाट अजून खिडकीशीच होती. काढायची काढायची म्हणता राहिली. मी तिच्यावर बसलो. खूप राग आला. कुणाचा ते कळेना. नदीचा, कमिटीचा, केबलचा, त्या शहाण्या मीटरचा. माझा एक शब्द होता, तेवढा एकच पाळला होता मी, आणि तो आता पाण्यापायी मोडायचा. गोदा असती तर म्हणाली असती, वरच्या पोरीबाळी बादल्या वाहतान आनि तुमी काय बसलाव? ती म्हणाली असती की नाही कोण जाणे. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्याला सोईचं घालणं फार सोपं असतं.

मग मी स्वतःलाच समजावलं. अरे, आवाज होता कुठं? नव्हताच. डॉक्टर म्हणाले होते भास, मी स्वतः स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं होतं. जो आवाज नव्हता तो परत येणार कसा? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येईल? सेटिंग म्हणजे एक आकडा. तो बदलला तर तिचं काही जात नाही. असं म्हटलं आणि छाती थोडी हलकी झाली. बाहेर जाऊन मी रियाला म्हणालो, "आण चारवर."

तिनं मीटररूममध्ये जाऊन आकडा बदलला. मी मोटरीपाशीच थांबलो. फोनवर ती म्हणाली, "सोडते हं, काका." मोटरीचा पंखा फिरायला लागला, पाइप थरथरले. "इथं अकराच्या आत आलंय," ती म्हणाली. "साडेदहा. स्थिर आहे." वरून कुणाच्या तरी घरात बादलीत धार पडल्याचा आवाज आला आणि एक बाई ओरडली, "आलं गं बाई!" मी हसलो. धर्मराजही हसला. काहीही झालं नव्हतं. मोटर तश्शीच शांत चालली होती. मनात म्हटलं, बघ गोदा, मोडला नाही शब्द.

रिया आणि सत्यजीत परत आले. वळणावरच रियाचा चेहरा आक्रसला.

"बाप रे," ती म्हणाली. "ही फारच वाजतेय."

"काय वाजतंय?" मी म्हणालो.

"ही शीळ."

"कुठं?"

तिला वाटलं मी थट्टा करतोय. तिनं सत्यजीतकडे पाहिलं. सत्यजीतनं एक बोट कानात घातलं होतं.

"काका, हे तुमच्या खिडकीखाली असं वाजायचं? रोज?" तो म्हणाला. "काकू कशा राहिल्या हो?"

मी धर्मराजकडे वळलो. तो खांदे उडवून म्हणाला, "पयले असाच वाजायचा, काका. मी तं कापूस घालून बसायचो. तुमीच तं बंद करून घेतला ना त्यो? मला वाटला, तुमाला बी तरास व्हतो."

मी मोटरीवर वाकलो. कान जवळ नेला, इतका की रिया "काका, जपून" म्हणून ओरडली. पंख्याचा वारा लागला. घरघर ऐकू आली. बाकी काही नाही.

"तुम्ही कॉम्प्रेसर हाउसमध्ये होतात म्हणालात ना?" रियानं हळूच विचारलं. "तिथं इतकी वर्षं काढली की नेमकी हीच पट्टी आधी जाते. बोललेलं ऐकू येतं, त्यामुळे माणसाला कळतही नाही. तपासणीत नाही आलं कधी?"

कसं येणार? दरवर्षी कंपनीत कान तपासायचे. हेडफोन लावून बसवायचे, आवाज आला की बोट वर करा म्हणायचे. आम्ही सगळे जण तपासणाऱ्याच्या हाताकडे बघायचो. हात बटणाकडे गेला की बोट वर. लवकर सुटका व्हायची आणि चहा गरम मिळायचा. आम्ही त्यावर हसायचो.

मी रियाला म्हणालो, "पोरी, जरा आत ये." सत्यजीत आणि धर्मराजही मागून आले. मी बेडरूमची खिडकी उघडली, चप्पल काढून गोदाच्या खाटेवर आडवा झालो, तिचं डोकं असायचं तिथं डोकं ठेवलं. तिघं दाराशी अवघडून उभे राहिले.

"येतोय इथं?"

"येतोय, काका," रिया म्हणाली. "स्पष्ट."

"कसा आहे तो? करून दाखव."

"करून म्हणजे?"

"शीळ घालता येते का तुला?"

ती लाजली. परक्या घरात, सेक्रेटरीसमोर, एका म्हाताऱ्यासाठी शीळ घालायची म्हणजे काय. पण घातली. पोरगी चांगली घालायची. आधी खालच्या पट्टीत, ती मला छान ऐकू आली, बारीक, सरळ.

"असा?"

"असाच, पण खूप वर."

"मग वर जा."

ती चढत गेली. शीळ बारीक होत होत गेली, मी तिच्या मागोमाग गेलो, जेवढं जाता आलं तेवढं. ती थांबली.

"काका, अजून वर आहे. तिथं गेले तर तुम्हाला नाही ऐकू येणार."

"जा."

ती गेली. तिचे ओठ गोल होते, गालांत खळगे पडले होते, सत्यजीतनं डोळे बारीक केले होते आणि धर्मराजनं कानावर हात ठेवला होता. माझ्या लेखी खोलीत काही नव्हतं. अशाच खोलीत गोदा त्या आवाजात पडून राहायची, आणि मी तिच्या उशाशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचो.